खोली रिकामी

वाल्पाराइसोत आग विझवण्याचा पगार मिळत नाही.
उलट दरमहा वर्गणी आपणच भरायची,
पितळी बकलं आपणच घासायची,
आणि रात्री तीनला भोंगा झाला
की ऊबदार अंथरुणातून आपणच उठायचं.
नव्या पोरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगते.
दोघं-तिघं तिथूनच परततात. बरंच आहे.

यंदा उरलेल्यांत एक बेकरीवाला आहे, एव्हारिस्तो.
भट्टीपाशी वाढलेला, त्यामुळे झळांना भीत नाही.
मला त्याची काळजी वाटते ती तेवढ्यासाठीच.

त्याला म्हटलं, भट्टी तुझं ऐकते,
आग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
आधी धूर वाचायला शीक.
पांढरा, आळसावलेला: थोडा वेळ आहे.
तपकिरी: घराची हाडं तापलीत.
काळा, जाड, घाईघाईनं निघालेला: तो धूर नव्हेच,
ते सरपण आहे, फक्त पेटायचं बाकी.
आणि फटीतून धूर आत ओढला जात असेल,
घर श्वास घेत असेल,
तर दाराला हात लावायचा नाही.

"आतून कुणी हाक मारत असलं तरी?"

आधी छपराला भोक, मग दार.
तोवर हाक ऐकत उभं राहायचं.
शिकायचं तेही.

आमच्या टेकड्यांवर बंब चढत नाही,
पायऱ्या चढतात, माणसं चढतात,
खांद्यावर पाइपाची वेटोळी, आणि समुद्रावरून सुटलेला वारा
आमच्या आधी वर पोचलेला.
रंगवलेल्या पत्र्यांची घरं, घराला घर टेकलेलं,
मागे घळीत निलगिरी, तेलानं भरलेली.
वर नळाला पाणी येतं ते करंगळीएवढं.
म्हणून पाणी ओतायचं नाही. पाणी ठेवायचं,
जिथं ठेवायचं तिथंच.

शनिवारी एका ओसाड घरात नेलं त्याला.
मुखवट्याच्या काचेवर त्याच्याच बेकरीतला बटर पेपर चिकटवला.
डावा हात भिंतीला, भिंत सोडायची नाही.
उजवा पुढे, पण उलटा:
तारेत वीज असली तर तळहात मिटतो,
आणि मिटलेली मूठ मग सोडत नाही.

मी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन बसले,
गुडघे पोटाशी,
आगीत पोरं बसतात तशी.

तो आला. गुडघ्यांचा आवाज, नळीतला श्वास.
त्याच्या बोटांची पाठ माझ्या खांद्याला लागली,
क्षणभर थांबली,
पिठाचं पोतं समजला असेल,
पुढे गेली.
दारातून वायरलेसवर त्याचा आवाज, स्वच्छ, अभिमानी:
खोली रिकामी.

अकरा वर्षांपूर्वी हे दोन शब्द मी बोलले होते.
त्याही खोलीत कपाट होतं.
अहवालात लिहिलंय की माझी चूक नाही.
अहवाल जपून ठेवलाय. वाचत नाही.

वर्षातून एकदा आम्ही गणवेशात उभे राहतो,
कर्तव्यावर गेलेल्यांची नावं पुकारली जातात,
प्रत्येक नावाला सगळी कंपनी एका घशानं म्हणते, हजर.
म्हातारेसुद्धा त्या वेळी ताठ होतात. मीही.
तिचं नाव त्या यादीत नाही, ती आमच्यातली नव्हती,
सात वर्षांची होती.
मी मनातल्या मनात पुकारते.
हजर म्हणायला कुणी नसतं.

एव्हारिस्तोला यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, पुन्हा.
जागा बदलली: पलंगाखाली, दारामागे, न्हाणीत.
पुन्हा.
उन्हं बंदरापलीकडे उतरली, दिवे लागले,
सातव्या खेपेला मी परत त्याच कपाटाशी.
बोटांची पाठ खांद्याला लागली.
थांबली.
मग पालथा हात सुलटा झाला,
कॉलर घट्ट धरली त्यानं,
आणि काही न विचारता मला ओढत निघाला,
अडुसष्ट किलो, बूट, टाकी सगळ्यासकट,
पायरीपायरीवर माझ्या टाचा आपटत.

रस्त्यावर पोचून त्यानं कागद काढला,
मला पाहून ओशाळला, "कॅप्टन, लागलं का?"

लागलं होतं.

पुन्हा, म्हटलं.